मशीनला झिणझिण्या, आणि सारखी पडणारी आरसीसीबी

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे गेट, ग्रिल आणि शटरची कामे करणारे छोटे वर्कशॉप असून हाताखाली दोन कारागीर आहेत. ते लिहितात: "गेल्या पावसाळ्यापासून आमच्या जुन्या बेंच ग्राइंडरला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावून नवा अर्थिंगचा खड्डा करून घेतला, कोळसा-मीठ भरले, आणि मेन बोर्डात आरसीसीबीही बसवली. तेव्हापासून कट-ऑफ मशीनचा खटका दाबला की आरसीसीबी पडते आणि सगळे वर्कशॉप बंद होते. वायरमन म्हणतो की जुन्या मशिनांना आरसीसीबी चालत नाही, अर्थिंग नवे आहे तेव्हा ती काढून टाकू. शेजारचे वेल्डर सांगतात की प्लगमध्ये न्यूट्रलची आणि अर्थची पिन तारेने जोडून टाका. एक्स्टेन्शन बोर्डावर चालणाऱ्या ग्राइंडरच्या झिणझिण्या मात्र अजूनही गेलेल्या नाहीत. आमच्या हँड ग्राइंडरला तर दोनच पिना आहेत, त्याला अर्थिंग कसे करायचे? कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार,

आपण आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, काढून टाकण्याआधी पत्र लिहिलेत, हे फार चांगले केलेत. कारणे पुढे सविस्तर सांगतो, पण करायचे काय ते आधी सांगतो. आरसीसीबी काढू नका, प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका, आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत बेंच ग्राइंडर व कट-ऑफ मशीन या दोन्हींचे प्लग काढून ठेवा. आपण वर्णन केलेल्या तक्रारी एकाच दोषाच्या नसून दोन मशिनांतल्या दोन वेगळ्या दोषांच्या आहेत असे मला वाटते, आणि दोन्ही दोष सापडण्यासारखे आहेत.

शेजाऱ्यांचा सल्ला आधी घेतो, कारण तो सर्वांत धोक्याचा आहे आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दिलाही जातो. त्यामागचा विचार असा असतो की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल जमिनीला जोडलेलाच असतो, मग आपल्या प्लगमध्ये तो अर्थच्या पिनेला जोडला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. न्यूट्रलमधून मशीन चालू असेपर्यंत सतत करंट परत जात असतो. आपण केलेल्या जोडापासून डीपीपर्यंत न्यूट्रलची तार कुठेही सुटली, मग ते बोर्डातला स्क्रू ढिला झाल्यामुळे असो, मीटरजवळचा जोड जळल्यामुळे असो की खांबावर तार निखळल्यामुळे असो, तरी फेजमधून मोटारीत शिरलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मोटारीच्या वाइंडिंगमधून येणारे २३० व्होल्ट त्या जोडातून थेट मशीनच्या लोखंडी बॉडीवर येऊन उभे राहतात. अशा वेळी एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण जास्तीचा करंट कुठे वाहतच नाही. मशीन फक्त बंद पडते. आणि चालते मशीन अचानक बंद पडले की माणूस पहिल्यांदा काय करतो? त्याला हात लावून पाहतो. त्यातच बोर्डातल्या फेज आणि न्यूट्रलच्या तारा उलट्या लागलेल्या असतील, तर न्यूट्रल तुटायचीही वाट पाहावी लागत नाही; प्लग लावताक्षणी बॉडीवर फेज येतो. हा जोड कोणत्याही प्लगमध्ये आधीच कोणी केलेला असेल तर तो आजच काढा. असा जोड आरसीसीबीच्या पुढे असला की परतीचा काही करंट न्यूट्रल सोडून अर्थच्या तारेने जातो आणि आरसीसीबी पडते, त्यामुळे आपल्या कट-ऑफ मशीनचा प्लग सर्वांत आधी उघडून पाहावा, हेही सुचवतो.

आता आपल्या वायरमनचे म्हणणे. खड्डा नवा आहे, तेव्हा आरसीसीबीची गरज नाही, हे ऐकायला बरोबर वाटते. पण आकडेमोड केली की त्यातली चूक दिसते. आपला भाग काळ्या कातळाचा. कातळात किंवा कोरड्या मुरमात केलेल्या खड्ड्याचा रोध १८ ओहम निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. डीपीच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध २ ओहम धरू. उद्या मोटारीतली फेजची तार उघडी पडून बॉडीला चिकटली, तर करंट बॉडीतून, अर्थच्या तारेतून, खड्ड्यातून आणि जमिनीतून डीपीकडे परत जाईल. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. आपल्या १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा रोजच्या कामाचा करंट आहे, त्यामुळे ती पडणारच नाही. वर्कशॉपमध्ये सर्रास लावतात त्या सी प्रकारच्या एमसीबीला क्षणात पडण्यासाठी तिच्या आकड्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. आणि या काळात मशीनच्या बॉडीवर किती व्होल्ट असतील? साडेअकरा गुणिले १८, म्हणजे २०७. अर्थिंग केलेले आहे, तार शाबूत आहे, खड्डा नवा आहे, आणि तरीही बॉडीवर २०७ व्होल्ट आहेत. ही परिस्थिती मिनिटभर नव्हे, कोणीतरी हात लावेपर्यंत तशीच राहू शकते. एमसीबी वायर जास्त तापून जळू नये म्हणून असते. माणसाला जीवघेणा ठरणारा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो.

तो करंट किती लहान असतो हे आपल्या कारागिरांनाही सांगावे, म्हणून लिहितो. साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की माणसाला इच्छा असूनही हातातली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वर, करंट काही क्षण जरी टिकला तरी श्वास आणि हृदय धोक्यात येते. ४० वॅटच्या साध्या दिव्यातून सुमारे १७५ मिलिअँपिअर वाहतात, यावरून कल्पना करावी. अंग घामाने भिजलेले आणि पायाखाली ओल असेल तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, आणि मग २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात.

आरसीसीबी नेमके हेच मोजते. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांची ती सतत तुलना करत असते. दोन्हींत फरक पडला, म्हणजे काही करंट तिसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, की ती पुरवठा तोडते. वरच्या उदाहरणातील साडेअकरा अँपिअरची गळती ही ३० मिलिअँपिअरच्या जवळजवळ चारशेपट आहे, आणि एवढ्या मोठ्या गळतीला चांगली आरसीसीबी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडते. खड्डा अगदीच वाईट निघून त्याचा रोध ५०० ओहम असला, तरी गळती अर्ध्या अँपिअरच्या जवळ राहते आणि आरसीसीबीला तेवढी पुरून उरते. मग अर्थिंग कशाला हवे, असे विचाराल तर त्याचेही उत्तर आहे. अर्थची तार बॉडीपर्यंत पोचलेली असेल, तर मशीन बिघडल्याक्षणी, कोणीही हात लावण्याआधी, गळती त्या तारेतून जाते आणि आरसीसीबी पडते. ती तार नसेल, तर गळतीला वाट मिळते ती हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून; आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण शॉक बसल्यावर पडेल, आणि शिडीवर किंवा फिरत्या चाकासमोर उभ्या असलेल्या माणसाला तेवढा झटकाही महाग पडतो. म्हणून या दोन्ही गोष्टी हव्यात. एक असल्याने दुसरी अनावश्यक होत नाही.

आपल्या आरसीसीबीवर ३० एमए किंवा ०.०३ ए असे छापलेले आहे ना, तेवढे पाहून घ्या. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात, त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नव्हेत. तिच्यावरचे 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबत जा. ती पडली नाही तर बदला. एक मर्यादाही ध्यानात असू द्या: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, आणि माणूस कोरड्या लाकडी फळीवर उभा असला, तर आरसीसीबीला तो एक दिवाच वाटतो आणि ती पडत नाही.

तर मग कट-ऑफ मशीनला ती का पडते? जुन्या मशीनला आरसीसीबी चालत नाही, हे वाक्य मी अनेक वर्कशॉपमध्ये ऐकले आहे. मशीनच्या वयाशी आरसीसीबीला काही देणेघेणे नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पडते, म्हणजे आपल्या मशीनमधून किमान तेवढी गळती होत आहे. खटका दाबल्यावरच ती पडते असे आपण लिहिता, तेव्हा प्लगमध्ये तो न्यूट्रल-अर्थचा जोड नसेल, तर दोष बहुधा खटक्याच्या पुढे, मोटारीत असावा; नुसता प्लग लावताच, खटका बंद असताना पडत असती, तर मी आधी तारेवर संशय घेतला असता.

मोटारीत गळती कशी होते, हे कट-ऑफ मशीनच्या बाबतीत डोळ्यांनी दिसते. हे मशीन स्वतःच्याच ठिणग्यांचा बारीक लोखंडी कीस मोटारीच्या जाळीतून आत ओढत असते. त्यात कार्बन ब्रश झिजून पडलेली काळी पूड मिसळते. ब्रशच्या होल्डरपाशी आणि वाइंडिंगच्या कडांना या दोन्हींचा थर बसतो, उन्हाळ्यात तो निरुपद्रवी राहतो, आणि पावसाळी दमट हवा त्यात मुरली की त्याच थरातून करंट बॉडीकडे पाझरू लागतो. दुसरी जागा म्हणजे केबल जिथे मशीनमध्ये शिरते ती मान. तिथला रबर कडक होऊन फुटला की तारेचे आवरण पत्र्याच्या कडेला घासत राहते.

वायरमनला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) घेऊन बोलवा. मेगर लावण्याआधी एक गोष्ट त्याच्याकडून आवर्जून करून घ्या, कारण ती हमखास राहते: प्लगच्या वरच्या जाड पिनेपासून मशीनच्या रंग खरवडलेल्या लोखंडापर्यंत जोड अखंड आहे का, हे मल्टिमीटरने पाहायचे. तिथे एका ओहमपेक्षा कमी आकडा यायला हवा. ही तारच आत तुटलेली असेल तर मेगर कितीही उत्तम आकडा दाखवील आणि तो आकडा खोटा असेल. त्यानंतर प्लगच्या खालच्या दोन्ही पिना एकत्र बांधायच्या, मशीनचा खटका चालू स्थितीत ठेवायचा, आणि त्या जोडीपासून अर्थच्या पिनेपर्यंत ५०० व्होल्टच्या मेगरने रोध मोजायचा. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर मशीन दुरुस्तीला गेले पाहिजे. बहुतेक वेळा उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने कीस झाडून, ब्रश आणि होल्डर साफ करून, दोन-तीन दिवस उन्हात वाळवले की आकडा वर येतो. आला नाही, तर आर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) किंवा वाइंडिंग गेले आहे असे समजून मोटारवाल्याकडे द्यावे.

आता ग्राइंडर. याचे कारण मला आपल्या पत्रातल्या एका शब्दात सापडले असे वाटते, तो शब्द म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड. नवा खड्डा केल्यावरही झिणझिण्या जात नाहीत, याचा अर्थ त्या खड्ड्याची तार ग्राइंडरच्या बॉडीपर्यंत पोचलेलीच नाही. ती पोचली असती तर २० मिलिअँपिअरची गळती असतानाही बॉडीवर अर्धा व्होल्टसुद्धा उठला नसता आणि हाताला काहीच कळले नसते. आरसीसीबी इथे का पडत नाही, तर झिणझिण्यांचा करंट एखाद-दुसऱ्या मिलिअँपिअरचा, आणि रबरी चपलांमुळे तो आणखी दबलेला. अनवाणी आणि ओल्या कोब्यावर उभे राहिल्यावर तो तेवढाच राहील याची खात्री नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाची तार सोलून पाहा. बोर्डावर तीन भोकांचे सॉकेट असते, प्लगही तीन पिनांचा असतो, आणि मधली केबल मात्र दोनच तारांची, कारण ती स्वस्त पडते. बाहेरून काहीच कळत नाही. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणारे छोटे अडॅप्टरही असेच, अर्थला तिथल्या तिथे संपवणारे. उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून आगकाड्या खोचण्याची पद्धत आपल्याकडे असेल तर ती आजपासून बंद करा. त्यात अर्थची तार कोणीच खोचत नाही.

ग्राइंडरचा प्लगही उघडा. मी एकदा एका बांधकामावर अशाच कामाला गेलो होतो; मशीनला हात चिकटलेला मुलगा सोबत्याने प्लग ओढल्यामुळे वाचला होता, तळव्यावर भाजल्याचे दोन पांढरे ठिपके होते. प्लगचा मधला स्क्रू काढून झाकण उचलले, तर लाल आणि काळी तार नीट बसवलेली होती, आणि हिरवी तार बाहेरच्या आवरणापाशी कापून, मागे दुमडून, वर काळी टेप गुंडाळलेली. कोणी केले म्हणून विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ती लावली की सारखे ट्रिप होते. ती मशीन बिघडल्याची खूण होती आणि ती खूणच कापून टाकली होती. आपल्या वायरमनचा सल्ला वाचला तेव्हा मला ती हिरवी तार आठवली.

प्लग पुन्हा बांधताना हिरवी, किंवा हिरव्यावर पिवळी रेघ असलेली तार वरच्या जाड पिनेला, तपकिरी किंवा लाल फेजला, निळी किंवा काळी न्यूट्रलला जाईल हे पाहा. आपल्या प्लगांत अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती उगीच नव्हे: प्लग घालताना ती सर्वांत आधी लागते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. आतली अर्थची तारही याच विचाराने इतर दोहोंपेक्षा थोडी लांब, सैल ठेवायची. केबलला हिसका बसला तर फेज आधी सुटावा आणि अर्थ शेवटी. केबल दाबून धरणारी पट्टी तारांवर नव्हे, बाहेरच्या आवरणावर घट्ट बसली पाहिजे. नवा एक्स्टेन्शन तीन तारांचा, तांब्याचा घ्या; कट-ऑफ मशीनसाठी २.५ चौरस मिलिमीटरचा, १६ अँपिअरच्या प्लगाचा, आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडून, कारण गुंडाळलेली केबल तापते.

हँड ग्राइंडरला दोन पिना असणे हा दोष नाही. त्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का ते पाहा. ती असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे मशीन आहे, आत इन्सुलेशनचे दोन स्वतंत्र थर आहेत, आणि त्याला अर्थची तार जोडायची नसते. मात्र ही सुरक्षितता त्या प्लास्टिकच्या कवचावर अवलंबून आहे. ते तडकले, भिजले किंवा आत कीस साचला की ती राहत नाही. म्हणून तोही आरसीसीबीतून येणाऱ्या पुरवठ्यावरच चालवा.

खड्ड्याविषयी थोडे. वायरमनने तो चांगला झाला हे बहुधा फेज आणि अर्थमध्ये दिवा पेटवून दाखवले असेल. १०० वॅटच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. खड्डा ५० ओहमचा असला तरी दिव्याच्या वाट्याचे वीसएक व्होल्टच कमी होतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. दिवा पेटला म्हणजे तार कुठेतरी पोचली आहे, एवढेच सिद्ध होते. आकडा हवा असेल तर अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो, आणि तो मे महिन्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना मोजावा. एक आकडी ओहम मिळाले तर आपल्या भागात ते फार चांगले. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा, आणि पाइपाला पट्टी जिथे बोल्टने जोडली आहे तो जोड वर्षातून एकदा उघडून पाहा, कारण खड्ड्यातले मीठच तो गंजवते. नळाच्या पाइपाला अर्थ जोडायचा विचार कोणी सुचवला तर मानू नका. कुठेतरी मध्ये पीव्हीसीचा तुकडा असतोच, आणि गळतीचा शॉक मग तिसऱ्याच घरच्या न्हाणीघरात बसतो.

आणि दोन्ही कारागिरांना हे दाखवून ठेवा: कोणी मशीनला चिकटला तर त्याला हात न लावता मेन बंद करायचा, मेन लांब असेल तर प्लग ओढायचा, किंवा कोरड्या लाकडाने ढकलायचे. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागायचे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. जोराचा शॉक बसलेला माणूस उठून बसला आणि बरे वाटते म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायला हवा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि आपला वायरमन मेगर आणायला तयार असेल तर त्यालाच आणू द्या. त्याने खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही केले आहेत, तेव्हा त्याची इच्छा चांगलीच आहे. कट-ऑफ मशीनचा मेगरचा आकडा, ग्राइंडरच्या अर्थच्या पिनेपासून बॉडीपर्यंतचा आकडा आणि खड्ड्याचा आकडा, असे तीन आकडे मला कळवा. ते आल्यावर पुढचे सांगतो. तोवर ती दोन मशिने प्लगमधून बाहेरच असू द्यात.